मुलं आणि सासूबाईंना घेऊन गाडीने समुद्रावर चार दिवस: काय काळजी घ्यायची

प्रश्न थोडक्यात असा आहे. नऊ तासांचा रस्ता, स्वतःची गाडी, सोबत ४ आणि ९ वर्षांची दोन मुलं आणि सत्तरीतल्या सासूबाई, समुद्राजवळ चार दिवस मुक्काम. प्लॅन असा की रात्री दहाला निघायचं म्हणजे मुलं गाडीत झोपतील, सकाळी सातला पोहोचायचं आणि रूम मिळेपर्यंत वेळ जावा म्हणून थेट पाण्यात. यात कशाची काळजी घ्यावी?

मी बरीच वर्षं किनाऱ्यावर लाइफगार्ड होतो, आता नवीन पोरांना ट्रेनिंग देतो, आणि घरच्यांना घेऊन अशा लांबच्या ड्राइव्हही कायम करत असतो. तर स्पष्टच सांगतो, तुमच्या प्लॅनमधल्या दोन गोष्टी बदला, रात्री निघणं आणि "थेट पाण्यात". लोक रस्ता वेगळा आणि समुद्र वेगळा असा विचार करतात, गाडी नीट पोहोचली म्हणजे काळजी संपली असं धरतात, आणि आम्हा लाइफगार्ड लोकांना सगळ्यात जास्त भीती असते ती नुकत्याच पोहोचलेल्या फॅमिलीची. मुलं नऊ तास बांधून बसलेली असतात त्यामुळे दार उघडल्याउघडल्या पळत सुटतात, आई सामान बघत असते, आणि ज्याने रात्रभर गाडी चालवली तो "मी बसतो मुलांजवळ" म्हणून वाळूवर बसतो आणि पाच मिनिटांत त्याचे डोळे मिटायला लागतात. त्यात सकाळी सातला बऱ्याच ठिकाणी लाइफगार्ड ड्युटीवर आलेलेच नसतात. म्हणजे नवीन किनारा, भरती आहे की ओहोटी ते माहीत नाही, आणि मुलांवर नजर ठेवणारा माणूस झोपेत. यापेक्षा वाईट वेळ पूर्ण ट्रिपमधे दुसरी नाही.

आधी रस्त्याचं बोलू. मध्यरात्रीपासून सकाळी सहापर्यंत शरीराला झोप हवीच असते, तुम्ही दुपारी कितीही लोळून घेतलं असलं तरी. त्या वेळी चार सेकंदांची डुलकी लागली ना तर ती लागली हे तुम्हाला कळतसुद्धा नाही, आणि ८० च्या स्पीडला चार सेकंदांत गाडी जवळपास ९० मीटर पुढे गेलेली असते. चहा कॉफी, काचा खाली करणं, मोठ्याने गाणी लावणं याने दहा-पंधरा मिनिटं बरं वाटतं, झोप जात नाही. म्हणून रात्री पूर्ण झोप घ्या आणि पहाटे पाच-साडेपाचला निघा. मुलं तशीही उचलून गाडीत टाकल्यावर पुढचे दोन तास झोपतातच, तुमचा मूळ हेतू तोच होता ना. दर दोन तासांनी पंधरा मिनिटं थांबायचं, आणि थांबायचं म्हणजे गाडीतून उतरून चालायचं, सासूबाईंनी तर नक्कीच, कारण तासन्‌तास पाय लटकवून बसलं की पाय सुजतात आणि वयस्कर माणसांना पायात रक्ताची गाठ होण्याचा धोका असतो. दुसरी डुलकीची वेळ दुपारी दोन ते चार, तेव्हा गाडी चालवणारा बदला किंवा सरळ अर्धा तास थांबा.

४ वर्षांच्या मुलाला चाइल्ड सीट पाहिजेच, मागच्या सीटवर. मांडीवर घेऊन बसणं हा पर्याय नाही, ब्रेक जोरात लागला तर कुठल्याही आईच्या हातात मूल धरून ठेवायची ताकद नसते, हे प्रेमाचं नाही, वजन आणि वेगाचं गणित आहे. मोठ्याला उंचीप्रमाणे बूस्टर, म्हणजे मुलाला उंच बसवणारी जोड-सीट, नाहीतर बेल्ट गळ्यावर येतो. आणि मागच्या काचेजवळच्या फळीवर पाण्याच्या बाटल्या, बकेट, क्रिकेटचा बॉल असलं काही ठेवू नका, ब्रेक लागला की ते सगळं पुढच्यांच्या डोक्यात येतं. जड बॅगा डिकीत खाली, मागच्या सीटला टेकून.

गाडी लागणे हा प्रकार साधारण २ ते १२ या वयात जास्त असतो, म्हणजे तुमची दोन्ही मुलं त्यात आली. कानाच्या आतला बॅलन्स सांगत असतो की आपण हलतोय आणि डोळे मोबाइलच्या स्क्रीनवर असल्यामुळे म्हणत असतात की आपण स्थिर आहोत, या भांडणातून मळमळ होते. म्हणून घाटात मोबाइल, टॅब, पुस्तक सगळं बंद, लांबचा डोंगर बघायला लावा, पोट रिकामंही नको आणि गच्च भरलेलंही नको, हवा खेळती ठेवा. गोळी द्यायची असेल तर मुलांच्या डॉक्टरांना विचारून, आणि उलटी व्हायला लागल्यावर नाही, निघायच्या अर्धा-एक तास आधी. सासूबाईंची औषधं हँडबॅगमधे, डिकीत नको, तिथे उन्हात भयंकर तापतं.

टायरची हवा गाडी थंड असताना बघा, आणि पाच जणं आणि फुल सामान असेल तर प्रेशर वेगळं लागतं, ड्रायव्हरच्या दाराजवळ स्टिकर असतो त्यावर लिहिलेलं असतं. स्टेपनीची हवा पण बघा, ती कुणी बघत नाही.

आता समुद्र. पोहोचलात, तर पहिल्या दिवशी पाण्यात कुणीच जायचं नाही. हा नियम मुलांना घरूनच सांगून ठेवा म्हणजे तिथे रडारड होत नाही. त्या संध्याकाळी सगळ्यांनी किनाऱ्यावर जायचं, वाळूत खेळायचं, आणि मोठ्यांनी समुद्र बघायचा. मी खरंच बघायचा म्हणतोय, फोटो काढायचा नाही. ओल्या वाळूत पाण्याच्या कडेला एक काठी रोवा आणि वीस मिनिटांनी या, काठी पाण्यात गेली असेल तर भरती, कोरड्यावर राहिली तर ओहोटी. नऊ वर्षांच्या मुलाला हे काम द्या, तो चारही दिवस करेल.

तुमचे चार दिवस भरतीच्या टाइमावर लावा, हॉटेलच्या नाश्त्याच्या टाइमावर नाही. जायच्या आधी त्या ठिकाणचं भरतीचं वेळापत्रक काढून ठेवा, ऑनलाइन मिळतं. बहुतेक किनाऱ्यांवर दिवसात दोन भरत्या आणि दोन ओहोट्या असतात, एका भरतीपासून दुसरी भरती साधारण १२ तास २५ मिनिटांनी, म्हणजे रोज टाइम जवळपास ५० मिनिटं पुढे सरकतो. पहिल्या दिवशी सकाळी नऊला भरती असेल तर चौथ्या दिवशी ती साडेअकराच्या आसपास असणार, आणि लोक काय करतात, "काल याच वेळी इथे घोट्याएवढं पाणी होतं" या भरवशावर जातात. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, पाणी खूप वर येतं आणि खूप लांब जातं, अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती, तेव्हा फरक कमी. लहान मुलं असतील आणि तारखा तुमच्या हातात असतील तर उधाणाचे दिवस टाळा.

पाणी एकसारख्या वेगाने चढत नाही हेही लक्षात ठेवा. सहा तासांची भरती धरली तर पहिल्या तासात एकूण चढणाऱ्या पाण्याचा बारावा हिस्सा येतो, दुसऱ्या तासात दोन हिस्से, तिसऱ्या आणि चौथ्या तासात तीन-तीन, मग दोन आणि शेवटी एक. म्हणजे अर्धं पाणी मधल्या दोन तासांत चढतं. समजा भरती-ओहोटीत ४ मीटरचा फरक आहे आणि किनारा एकदम सपाट आहे, ५० मीटर चाललं की एक मीटर उतार, तर त्या दोन तासांत पाणी २ मीटर चढतं आणि काठ १०० मीटर आत येतो. पहिला तासभर काही वाटत नाही आणि मग एकदम चपला वाहून जातात. खडकांवर शंख-शिंपले बघत लांब गेलेले लोक अडकतात ते याच मधल्या दोन तासांत, कारण मागची सखल जागा आधी भरते, पुढे ते उभे असतात तिथे कोरडंच असतं. खडकावर जायचं असेल तर ओहोटी पूर्ण व्हायच्या तासभर आधी जा आणि पाणी फिरलं की परत निघा.

आणि खाडीचं किंवा नदीचं मुख जिथे समुद्राला मिळतं तिथे मुलांना अजिबात नेऊ नका. ते पाणी संथ दिसतं, लाटा नसतात, आयांना वाटतं इथेच बरं आहे. ओहोटीला आख्ख्या खाडीचं पाणी त्या अरुंद जागेतून बाहेर पडत असतं, तिथे चांगला पोहणाराही टिकत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, रिप करंट. लाटा किनाऱ्यावर पाणी आणून टाकतात, ते पाणी परत जायला वाट शोधतं, आणि वाळूच्या दोन उंचवट्यांमधे जिथे खोलगट जागा असेल तिथून ते एका पट्ट्याने समुद्राकडे धावतं. दिसायला कसं असतं ते नीट सांगतो. थोड्या उंचावर उभे राहा, पायऱ्या, बांध, टेकाड काहीही चालेल, आणि दहा-पंधरा मिनिटं बघा. डावीकडे लाटा फुटतायत, पांढरा फेस, उजवीकडेही फुटतायत, आणि मधे एक पट्टा आहे जिथे लाट फुटतच नाही, पाणी जरा गडद, वरून नुसतं खळबळल्यासारखं, कधी त्यातून फेस किंवा गढूळ वाळू बाहेरच्या बाजूला सरकताना दिसते. नवीन माणूस नेमका तिथेच मुलांना घेऊन उतरतो कारण तिथे लाट नाही, शांत वाटतं. मी ट्रेनिंगला आलेल्या पोरांना पहिल्या दिवशी हेच विचारतो, छोटं मूल घेऊन कुठे उतराल, आणि बरेच जण त्या शांत पट्ट्याकडेच बोट दाखवतात.

रिप साधारण सेकंदाला अर्धा मीटरच्या आसपास असते पण जोरात असेल तेव्हा अडीच मीटरपर्यंत जाते, हा वेग ऑलिम्पिकच्या पोहणाऱ्यापेक्षा जास्त आहे. म्हणून तिच्या विरुद्ध, सरळ किनाऱ्याकडे पोहायचा प्रयत्न करायचा नाही, माणसं बुडतात ती रिपमुळे कमी आणि तिच्याशी झगडून दमल्यामुळे जास्त. रिप खाली ओढत नाही, बाहेर नेते, आणि लाटा फुटतात त्या रेषेच्या थोडं पलीकडे तिचा जोर संपतो. सापडलात तर पाठीवर तरंगा, श्वास सांभाळा, एक हात वर करा, ओरडा. पोहता येत असेल आणि दम असेल तर किनाऱ्याला समांतर पोहा, जिथे लाटा फुटतायत तिकडे, मग लाटांबरोबर तिरके आत या. नऊ वर्षांच्या मुलाला हॉटेलच्या स्विमिंग पूलमधे पाठीवर तरंगायचा सराव करून घ्या, पोहण्याच्या चार स्टाइल आल्या नाहीत तरी चालेल.

दुसरा कुणी सापडला तर मागोमाग उडी मारू नका. मुलाला वाचवायला गेलेले बाप, काका, मामा बुडाल्याच्या घटना प्रत्येक किनाऱ्यावर आहेत आणि कित्येकदा मूल वाचतं, मोठा माणूस जातो. लाइफगार्डला हाक मारा, इमर्जन्सी नंबरला फोन करा, आणि तरंगणारं काहीही फेका, बॉल, रिकामा बंद कॅन, रिंग, बोर्ड. आत जावंच लागलं तर हातात तरंगणारी वस्तू असल्याशिवाय नाही.

झेंडे ओळखायला शिका. अर्धा वर लाल आणि अर्धा खाली पिवळा असे दोन झेंडे अंतर ठेवून लावलेले असतील तर त्यांच्यामधल्या भागावर लाइफगार्डची नजर असते, तिथेच उतरा. लाल म्हणजे उतरायचं नाही, दोन लाल एकावर एक म्हणजे पाणी पूर्ण बंद. जांभळा असेल तर जेलीफिशसारखे प्राणी आहेत. झेंडे आणि लाइफगार्ड दोन्ही नसतील तर दुसरा किनारा शोधा, चार दिवसांच्या सुट्टीत अर्धा तास जास्त गाडी चालवली तर काही बिघडत नाही.

मूल बुडतं तेव्हा आवाज येत नाही. सिनेमातल्यासारखं हात हलवणं, "वाचवा वाचवा", असलं काही होत नसतं. तोंड पाण्याच्या पातळीवर वरखाली होतं, डोकं मागे कललेलं, केस डोळ्यांवर आलेले आणि ते बाजूला सारायचंही भान नाही, दोन्ही हात बाजूला पाणी खाली दाबतायत, शरीर उभं, पाय हलत नाहीत. श्वासच मिळत नाही तर ओरडणार कसं. हे २० ते ६० सेकंद चालतं आणि मग मूल खाली जातं, आणि तीन मीटरवर उभ्या माणसाला वाटतं ते खेळतंय. मुलं खेळताना आवाज करतात, आवाज बंद झाला की लगेच बघा.

म्हणून पाळी लावा. एका वेळी एकच मोठा माणूस पाहऱ्यावर, त्याच्या गळ्यात शिट्टी, हातात मोबाइल नाही, पुस्तक नाही, गप्पा नाहीत, वीस मिनिटं झाली की शिट्टी दुसऱ्याच्या गळ्यात घालायची आणि मोठ्याने सांगायचं "आता तू बघतोयस". चार मोठी माणसं सगळी मिळून लक्ष ठेवतायत म्हणजे कुणीच ठेवत नाहीये, हे मी इतक्या वेळा पाहिलंय की यावर वाद घालायला तयार आहे. ४ वर्षांच्या मुलासाठी हाताच्या अंतरावर एक माणूस पाण्यातच पाहिजे, वाळूवर बसून नाही. पाहऱ्याच्या आधी आणि पाण्यात असताना दारू नाही, बिअरसुद्धा नाही.

दंडात घालायचे फुगे आणि हवा भरायच्या रिंगा ही खेळणी आहेत, सुरक्षेची साधनं नाहीत. सकाळी बऱ्याचदा वारा जमिनीकडून समुद्राकडे असतो, समुद्र त्यामुळे एकदम सपाट दिसतो, आणि तोच वारा रिंगेवर बसलेल्या मुलाला बघता बघता आत नेतो. घ्यायचं तर मापाचं, पट्टे घट्ट बसणारं लाइफ जॅकेट घ्या. आणि पोहायचे कपडे भडक नारिंगी, गुलाबी, पोपटी घ्या, निळे-पांढरे-करडे घेऊ नका, पाण्याखाली अर्ध्या मीटरवर निळा टीशर्ट दिसेनासा होतो आणि फेसात पांढरा.

वाळूत खड्डे खणणं मुलांना फार आवडतं, खणू द्या, पण सगळ्यात लहान मुलाच्या गुडघ्यापेक्षा खोल नको आणि बोगदा तर मुळीच नको. कोरडी होत जाणारी वाळू एकदम ढासळते आणि छातीवर आली की श्वास घेता येत नाही, बाहेर काढायलाही वेळ लागतो कारण जितकं उकराल तितकी परत आत येते.

सासूबाईंना पाण्याचा आनंद जरूर द्या, नाही म्हणू नका. त्यांना ओहोटीच्या वेळी न्या, तेव्हा ओली वाळू घट्ट असते, त्यावर चालणं गुडघ्यांना सोपं जातं, वरच्या भुसभुशीत वाळूत पाय मुरगळतो. घोट्याएवढ्या पाण्यात, हात धरून, आणि तोंड समुद्राकडे. पाठ करून फोटोसाठी उभं राहिलं की मागून आलेली गुडघाभर लाटसुद्धा पाडते, आणि लाट परत जाताना टाचेखालची वाळू काढून घेते त्यामुळे तोल तिथेच जातो. या वयात मनगट किंवा खुबा मोडला तर सुट्टी तिथेच संपली. जिथे लाट एकदम काठावर आपटते अशा उभ्या उताराच्या किनाऱ्यावर त्यांना नेऊच नका, मुलांनाही नाही, मानेला दुखापत होते ती अशा ठिकाणी.

ऊन. सकाळी दहापर्यंत आणि दुपारी चारनंतर, मधला वेळ सावलीत. ढग असले तरी किरणं बऱ्यापैकी येतात आणि वाळू-फेसावरून परतूनही लागतात, त्यामुळे छत्रीखालीही पूर्ण सुटका नाही. एसपीएफ ३० किंवा जास्तीचं सनस्क्रीन निघायच्या पंधरा-वीस मिनिटं आधी, दर दोन तासांनी आणि पाण्यातून आल्यावर परत. कान, मान, पायाचा वरचा भाग हमखास राहतात. मुलांना पूर्ण बाह्यांचा स्विम शर्ट घातलात तर निम्मं काम झालं.

जेलीफिश चावली तर चोळू नका, वाळू लावू नका, लघवीचा तो प्रकार तर करूच नका. समुद्राच्याच पाण्याने धुवा, चिकटलेले धागे चिमट्याने काढा, मग सोसेल इतक्या गरम पाण्यात वीसेक मिनिटं धरा. व्हिनेगर काही जातींना चालतं आणि काहींना उलटं पडतं, ते तिथल्या लाइफगार्डला विचारून. श्वास लागला, ओठ-चेहरा सुजला तर सरळ हॉस्पिटल.

गाडी वाळूवर नेऊ नका. ओली वाळू रस्त्यासारखी घट्ट वाटते, गाडी छान जाते, फोटो काढायला थांबता आणि थांबल्यावर चाकं रुततात, ॲक्सिलरेटर दिला की आणखी खाली, आणि त्यात भरती सुरू झालेली असते. इंजिनात आणि वायरिंगमधे खारं पाणी गेलेली गाडी पुन्हा पहिल्यासारखी होत नाही. रुतलीच तर चाकं फिरवत बसू नका, सगळ्यांना उतरवा, चाकापुढची वाळू उकरा, टायरची हवा बरीच कमी करा म्हणजे टायर पसरतो आणि पकड येते, पायपुसण्या चाकाखाली घाला आणि हळू काढा. हवा कमी केली असेल तर हायवेला लागायच्या आधी ती परत भरलीच पाहिजे. आणि उन्हात उभ्या गाडीत मुलांना "दोन मिनिटं" म्हणूनही ठेवू नका, दहा मिनिटांत आतलं तापमान साधारण दहा डिग्रीने वाढतं.

निघायच्या दिवशी सकाळी पाण्यात जाऊ नका. शेवटची डुबकी म्हणून घाईत जातात, पाहऱ्याची पाळी कुणी लावत नाही कारण सगळे बॅगा भरत असतात, आणि मग दमलेल्या अंगाने नऊ तास गाडी चालवायची. समुद्र आदल्या दिवशी संपवा, लवकर झोपा, पहाटे निघा. घरी आल्यावर एक-दोन दिवसांत गाडी गोड्या पाण्याने खालून धुऊन घ्या, चाकांच्या वरच्या खोबणीतून आणि दारांच्या खालच्या कडांतून वाळू काढायला सांगा, तिथे मीठ धरून राहतं आणि गंज तिथूनच सुरू होतो.